काजळी पुसण्याआधी

सकाळी थंड गाडी चालू केली की सायलेन्सरच्या टोकातून पाणी ठिबकतं. नवी गाडी घेतलेला माणूस ते पाहून घाबरतो, पण बिघडलेलं काही नसतं. पेट्रोल जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं, एक लिटर पेट्रोलमागे जवळपास एक लिटर. नळी तापलेली असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. थंड नळीत त्याचे थेंब होतात, आणि ते काजळी व आम्लाचा अंश सोबत घेऊन टोकाशी येऊन वाळतात. रोज थोडे थोडे. गाडी धुणारे हात सहसा तिथवर पोहोचत नाहीत.

परवा माझ्याकडे पॉलिशला आलेली गाडी मालवणची, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात राहिलेली. मागे डाव्या-उजव्या बाजूला दोन टोकं, दोन्ही काळीकुट्ट. गाडीच्या मालक काकांचं म्हणणं एवढंच, "दोन्ही आरशासारखी करून द्या."

अशा वेळी मी कापड उचलण्याआधी टोकाच्या आतून बोट फिरवतो. काजळी कोरडी, भुकटीसारखी लागली तर फार काळजी नाही. गाडी जवळजवळच्याच फेऱ्या मारते, किंवा इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. बोटाला तेलकट, चिकट थर आला तर इंजिन ऑइल जळत असण्याचा संशय घ्यावा. काकांच्या गाडीची काजळी चिकट होती. ती पुसली की पुरावाही पुसला जातो, म्हणून आधी त्यांना बोलावून दाखवली.

मग लोहचुंबक. डाव्या टोकाला तो चिकटला नाही. ते निकेल असलेलं स्टेनलेस, बहुधा ३०४ जातीचं, म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. उजव्याला चुंबक घट्ट बसला. स्टेनलेसच्या काही जातींनाही तो चिकटतो, पण इथे कडेला पापुद्रे सुटलेले आणि खालून तांबूस गंज डोकावत होता. कधीतरी मागून धक्का बसल्यावर बाजारातून आणून बसवलेलं, साध्या लोखंडावर क्रोम चढवलेलं टोक. लांबून पाहणाऱ्याला जुळी भावंडं वाटावीत, आणि स्वभाव मात्र अगदी उलटे.

शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचं, पुढे स्टेनलेस म्हणून ओळखलं गेलेलं पोलाद ओतलं. बंदुकीची नळी आतून तापून झिजते, तिच्यासाठी टिकाऊ धातू तो शोधत होता. तापलेला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीच्याच विचारातून हे पोलाद पुढे आलं, हे मला फार आवडतं. त्यातलं क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन धातूवर एक पारदर्शक थर धरतं. केसाच्या जाडीचा दहा हजारावा भागही भरणार नाही इतका तो पातळ, पण ओरखडा पडला तरी आपोआप पुन्हा धरतो. उष्णतेने हाच थर जाड होत गेला की टोकावर आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. तो रंग काहींना डाग वाटतो. मला तो सुंदर वाटतो, आणि काढायचा की ठेवायचा हे मी ग्राहकाला विचारतो.

डाव्या टोकाचं काम मन लावून केलं. नळी पूर्ण गार, आधी साबणाचं पाणी, मग तेलकटपणा काढणारं द्रावण लावून थोडा वेळ थांबणं, मऊ ब्रश. त्यानंतर पाण्यात भिजवलेला ८०० नंबरचा पेपर, मग १५००, मग २०००. प्रत्येक पेपर आधीच्याला आडवा फिरवायचा, म्हणजे जुनी रेघ गेली की नाही ते लगेच दिसतं. घाई करून एक नंबर गाळला तर ती रेघ बफ केल्यावर उन्हात चमकून उठते. शेवटी सुती चाकावर कंपाउंड, आणि हाताने मेटल पॉलिश. लोखंडी तारेची घासणी मी स्टेनलेसला लावू देत नाही. तिचे कण धातूत रुततात आणि नंतर तेच गंजतात. संडास धुण्याचं ॲसिड तर मुळीच नको. डाग झटक्यात जातो खरा, पण त्यातलं क्लोराइड तो रक्षक थरच फोडतं आणि धातूला बारीक खड्डे पडू लागतात. एवढं सांभाळलं की पुढचं काम हवा करते, मी फक्त वाट मोकळी केलेली असते.

उजव्या टोकावर यातलं काहीच चालत नाही. तिथलं क्रोम बहुधा एका मायक्रॉनहूनही पातळ, आणि गेलेलं परत येत नाही. बफ लावला असता तर दोन दिवस झळाळलं असतं आणि महिन्याभरात उघडं लोखंड दिसलं असतं. पैसे त्याचेही मिळाले असते. पण ज्या धातूचं माझ्या मेहनतीनेच नुकसान होणार, तिथे हात आवरता घेणं हेही मी कामच समजतो. ते फक्त धुतलं, कोरडं केलं, सुटे पापुद्रे काढून उष्णता सोसणारं वॅक्स लावलं.

काका जरा खट्टू झाले. दोन्ही बाजू सारख्या नाहीत दिसत, म्हणाले. मी म्हटलं, "काका, उजवं बदलाल तेव्हा स्टेनलेसचंच घ्या, मी डाव्याशी जुळवून देतो. पण आधी मेकॅनिककडून ऑइलचं तपासून घ्या, नाहीतर डावंही लवकरच काळं होईल."