पेठेची हरकत

धुळे शहराच्या जुन्या भागातील गल्ल्या आजही क्रमांकाने ओळखल्या जातात. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच असा पत्ता सांगताना तेथील माणसाला आपण एका आखीव नगररचनेचा इतिहास उच्चारीत आहोत याची जाणीवही नसते. 1818 साली पेशवाईचा अस्त होऊन खानदेश इंग्रजी अमलाखाली गेला, आणि पुढच्याच वर्षी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे ठरवून जुन्या वस्तीशेजारी नव्या पेठेची आखणी केली. व्यापाऱ्यांना व इतर रहिवाशांना तेथे येऊन वसण्यास उत्तेजन दिले, घरांसाठी जागा कायमच्या बिनभाड्याने तोडून दिल्या आणि पक्की घरे बांधण्यासाठी सरकारी खजिन्यातून आगाऊ रकमाही दिल्या. लुटालूट आणि दुष्काळ यांनी ओसाड पडलेला मुलूख पुन्हा नांदता करावयाचा, तर आधी पेठ नांदती झाली पाहिजे, हे त्या परक्या अंमलदारालाही उमगले होते.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, एखाद्या कसब्याच्या किंवा मोठ्या गावाच्या बाजारपेठेलगत शेकडो खणांचे भव्य दुकान उभे राहणार अशी वार्ता येते आणि गावकरी निवेदन घेऊन तहसील कचेरीच्या पायऱ्या चढतात, तेव्हा त्यांना हटकून ऐकविला जाणारा युक्तिवाद या इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. बाजार हा आपल्याच नियमाने चालतो, ग्राहक जिकडे वळेल तिकडे तो वळेल, त्यात राज्यसंस्थेने व गावाने हस्तक्षेप करणे अनुचित होय, असे या निवेदनकर्त्यांना सांगितले जाते. वस्तुस्थिती अशी आहे की खानदेशातील प्रमुख पेठा कोणत्या ना कोणत्या सार्वजनिक निर्णयातून, जमिनीच्या सवलतीतून, जकातीच्या माफीतून, आठवडेबाजाराच्या परवान्यातून किंवा नगरपालिकेने बांधलेल्या गाळ्यांतून आकाराला आल्या आहेत. जी गोष्ट समाजाने विचारपूर्वक घडविली, तिच्या भवितव्याविषयी समाजाने बोलू नये, हा आग्रह मला सर्वथा असमर्थनीय वाटतो.

या प्रश्नावर देशात मोठा वाद झाला, आणि तो वाद चुकीच्या मुद्द्यावर झाला असे माझे मत आहे. सप्टेंबर 2012 मध्ये केंद्र सरकारने बहुविध मालाच्या किरकोळ व्यापारात 51 टक्के परकीय भांडवलास मुभा दिली आणि 20 सप्टेंबर रोजी व्यापारी संघटनांनी व विरोधी पक्षांनी भारत बंद पुकारला. त्या निर्णयातील एक अट अशी होती की ही दुकाने 2011 च्या जनगणनेनुसार 10 लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांतच निघावीत. जळगावची लोकसंख्या त्या जनगणनेत साडेचार लाखांच्या थोडी वर आणि धुळ्याची पावणेचार लाखांच्या आसपास. तेव्हा खानदेशातील ही दोन्ही मुख्य शहरे त्या निर्णयाच्या कक्षेबाहेरच राहिली. परंतु देशी भांडवलाच्या साखळी दुकानांना अशी कोणतीही लोकसंख्येची मर्यादा नव्हती आणि आजही नाही. म्हणजे भांडवल कोणत्या देशाचे, एवढाच प्रश्न आपण विचारला. दुकान केवढे, ते गावाच्या कोणत्या अंगाला, आणि त्याच्या येण्याने पेठेवर जगणाऱ्यांचे काय होणार, हे प्रश्न विचारावयाचे राहूनच गेले. जळगावच्या बलिराम पेठेत भाजीची पाटी मांडून बसणाऱ्या बाईला आपले गिऱ्हाईक परदेशी मालकाने नेले की मुंबईच्या मालकाने, याने काही फरक पडत नाही.

पेठेची बाजू मांडताना पेठेचे दोष झाकणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. मापात मारणारे, भेसळ करणारे, अडल्यानडल्याला चढ्या भावाने माल विकणारे दुकानदार आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्याहून गंभीर गोष्ट ही की, जुन्या पेठेत माणसाची जात आणि ऐपत पाहून त्याला वागणूक मिळत असे, आणि काही ठिकाणी ती अजूनही मिळते. पायरीखाली उभे राहून वरून टाकलेला माल झेलावा लागल्याच्या आठवणी ज्या घरांतून सांगितल्या जातात, त्या घरच्या मुलीला छापील किमतीच्या वस्तू स्वतःच्या हाताने निवडून, कोणाचेही आर्जव न करता, पावती घेऊन बाहेर पडण्यात जो मोकळेपणा वाटतो, तो खरा आहे आणि त्याचा आदर केला पाहिजे. जी व्यापारी संघटना मोठ्या दुकानाला विरोध करते परंतु आपल्या सभासदांच्या तराजूकडे कानाडोळा करते, तिच्या निवेदनाला नैतिक वजन येत नाही.

तरीही पेठ जे देते ते मोठे दुकान देऊ शकत नाही, आणि त्यातील पहिली गोष्ट म्हणजे मुदत. खानदेशातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती रोख रक्कम वर्षभर सारखी येत नाही. कापसाची वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते, पैसा त्यानंतर येतो, आणि खर्च मात्र पेरणीपासून चालूच असतो. सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या गड्याचे, साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरते. त्याच सणाला माहेरी आलेल्या लेकीबाळींचे पाहुणचार, पुरणपोळीचा खर्च, आणि थोड्याच दिवसांत बियाण्याची जुळवाजुळव. या काळात शेतमजुराचे पोर वाण्याच्या दुकानी जाते, पावशेर तेल, गूळ, चहाची पुडी मागते आणि ‘मांडून ठेवा’ एवढे दोन शब्द बोलते. दुकानदार लांबट वहीत त्या घराच्या पानावर तारीख घालून रक्कम लिहितो. त्या पानामागे तारण नसते, जामीन नसतो. या घरी दोन एकर कापूस उभा आहे, थोरला मुलगा जिनिंगमध्ये कामाला लागला आहे, बाप बाजारात तोंड चुकवीत नाही, एवढी माहिती असते. ही माहिती कोणत्याही मध्यवर्ती कचेरीच्या यंत्रात साठविता येत नाही. या उधारीत पिळवणूकही होते हे मी नाकारीत नाही; परंतु तिला पर्याय म्हणून जे येते ते रोखीचे दुकान, आणि रोख नसलेल्या महिन्यात त्याची दारे त्या पोराला उघडी असून नसल्यासारखीच.

दुसरी गोष्ट मालाची. थंडीत आसोदा, बामणोद या गावांची भरताची वांगी बाजारात उतरतात. कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर ती भाजली जातात आणि साऱ्या खानदेशात भरीत-भाकरीच्या पंगती झडतात. या वांग्यांना 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण हा माल थोड्या गावांचा, थोड्या महिन्यांचा आणि नाजूक; एकसारख्या मापाचा माल बारमाही, ठरलेल्या भावाने मागणाऱ्या खरेदीखात्याला तो सहसा गैरसोयीचाच वाटणार. दादर ज्वारीच्या पिठाचे, बिबड्यांचे, घरोघरच्या बायकांनी लाटलेल्या उडदाच्या पापडांचेही तसेच. चार दुकानदारांच्या ओळखीवर चार गावांच्या बायकांचे पापड खपतात. हा व्यवहार किरकोळ दिसतो, पण कित्येक घरांची शाळेची फी त्यातून भागते.

आणि नफा कोठे जातो, हेही पाहिले पाहिजे. 1945 साली अमळनेरला वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला, पुढे त्याच कंपनीचे नाव विप्रो म्हणून जगभर झाले. त्या काळी गावातील ज्यांनी तिचे भाग घेतले व जपून ठेवले, त्यांच्या घरी त्या भांडवलाचे फळ पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले. मोठे भांडवल गावाचे शत्रूच असते असे म्हणणाऱ्याने अमळनेर आठवावे. परंतु त्या कारखान्याने गावाला भागीदार होण्याची वाट ठेवली होती. महामार्गावरील दुकान गावाला गिऱ्हाईक होण्याखेरीज दुसरी वाट ठेवीत नाही.

इतर देशांनी मोठ्या दुकानांचा हा प्रश्न आपल्याआधी हाताळला आहे. फ्रान्समध्ये 1973 साली व्यापारमंत्री झां रुआये यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि ठरावीक क्षेत्रफळाहून मोठ्या दुकानास स्थानिक मंडळाची अनुमती आवश्यक ठरली. जपाननेही त्याच वर्षी मोठ्या दुकानांचा कायदा केला. तो 2000 साली रद्द झाला. हे कायदे निर्दोष नव्हते. फ्रान्समध्ये त्या अनुमतीच्या आडून लाचलुचपत माजली आणि मोठी दुकाने वाढावयाची ती वाढलीच. पण त्या देशांनी योग्य प्रश्न विचारला होता, एवढे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

आपल्याकडे कायद्यात फट नेमकी येथेच आहे. प्रादेशिक नियोजन व नगररचनेच्या 1966 च्या अधिनियमानुसार विकास आराखड्यावर आणि त्यातील फेरबदलांवर हरकती मागवाव्या लागतात. परंतु जागा आधीच वाणिज्य वापराची असेल, तर तेथे पन्नास लहान दुकाने निघणार की एकच अवाढव्य दुकान, याविषयी कोणाला विचारण्याचे कारण उरत नाही. गावठाणाबाहेरच्या शेतजमिनीचा प्रश्न आजवर अकृषिक वापराचा, म्हणजे महसूल खात्याचा मानला गेला. ज्या गावाची पेठ त्यामुळे ओस पडेल, त्या गावाच्या ग्रामसभेपुढे तो विषय येईलच असे नाही. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग जेथे एकमेकांस छेदतात, त्या धुळ्याच्या आसमंतात अशा जमिनींना केवढी मागणी असणार हे सांगावयास नको.

माझी मागणी बंदीची नाही. ठरावीक क्षेत्रफळाहून मोठ्या दुकानाचा अर्ज आला की त्याची जाहीर नोटीस लागावी, शहरात प्रभागाची व गावात ग्रामसभेची सुनावणी व्हावी, आणि येथील पेठेवर, हमालीवर, भाजीपाल्यावर काय परिणाम होईल याचा लेखी तपशील अर्जदाराने सादर करावा. तो खोडून काढण्याचा भार निवेदनकर्त्यांवर टाकू नये. या सुनावणीत व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांचे एकट्याचे भाषण झाले तर ती व्यर्थ होय. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्यांना नगर पथविक्रेता समितीत प्रतिनिधित्व दिले आहे. त्याच न्यायाने दाणाबाजारातील माथाडीला, पापड लाटणाऱ्या बचतगटाला, आणि ज्या वस्तीला जुन्या पेठेत कधी मानाने माल मिळाला नाही व म्हणून नवे दुकान हवेच आहे, त्या वस्तीलाही तेथे बोलावून त्यांचे म्हणणे दप्तरी नोंदविले गेले पाहिजे.