आवरलेला हात

बारामती तालुक्यातल्या कोऱ्हाळे बुद्रुकच्या शिवारातले पाणी मालवणच्या समुद्राला कधीच मिळत नाही. ते पाणी नीरा नदीचे. नीरा भोरकडच्या सह्याद्रीत उगम पावते, तिचा डावा कालवा बारामती-इंदापूरच्या उसाला पाणी देतो, आणि नदी नीरा नरसिंहपूरला भीमेत मिसळते. भीमा कृष्णेला मिळते आणि कृष्णा जाते ती थेट बंगालच्या उपसागराकडे. म्हणजे या गावाचा पाण्याच्या नात्याने येणारा समुद्र पूर्वेचा. तरीही समुद्र पाहायचा म्हटले की देशावरची माणसे पश्चिमेला घाट उतरतात, आणि अलीकडे त्यांना समुद्र किनाऱ्यावरून पाहून पुरत नाही. सकाळी कर्ली नदीच्या खाडीत कयाक वल्हवायची, मग होडीने सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जायचे, डोळ्यांवर मास्क आणि तोंडात स्नॉर्कलची नळी धरून पाण्यावर पालथे पडायचे आणि खालचे प्रवाळ बघायचे, असा दिवसभराचा कार्यक्रम आता तारकर्ली-मालवणला सर्रास मिळतो. पाण्यात उतरण्याआधी चांगला गाईड एक सूचना हमखास देतो : कशाला हात लावायचा नाही, पाय टेकवायचे नाहीत. ही सूचना सुरक्षिततेच्या यादीतले एक कलम म्हणून ऐकली जाते आणि विसरली जाते. माझे म्हणणे असे आहे की तिच्यात धर्माचा एक जुना आणि मूलभूत प्रश्न दडलेला आहे. पवित्र गोष्टीजवळ जावे कसे? तिला स्पर्श करून, की स्पर्श आवरून?

मालवणच्या किनाऱ्यावरच या प्रश्नाची दोन्ही टोके आहेत. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. गणपती, सूर्य-चंद्र आणि शिवलिंग कोरलेल्या या खडकाजवळ पूजा करून शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाच्या बांधकामाला हात घातला. या दगडाला माणसे हात लावतात, फूल वाहतात, कपाळ टेकतात. दगडाला त्याने फारसे काही होत नाही. उलट त्या स्पर्शांनीच तो देव राहिला आहे. तिथून होडीच्या अंतरावर, पाण्याखाली, दुसरा एक दगड आहे. तो दगड दिसतो, पण दगड नाही. प्रवाळ म्हणजे टाचणीच्या टोकाएवढ्या किंवा त्याहून जरा मोठ्या असंख्य प्राण्यांची वसाहत. प्रत्येकाला एक तोंड, भोवती इवलेसे हात, आणि खाली स्वतः रचलेली चुन्याची वाटी. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हापासून अन्न तयार करून यजमानाला देते आणि यजमान त्याला आसरा देतो. वरून एक पातळ बुळबुळीत थर असतो, आणि रोगजंतूंपासून राखण करणारे कवच तेवढेच. माणसाच्या बोटाने तो थर पुसला जातो, पायाच्या भाराने वाट्या मोडतात, पायातल्या फिन्सने उडवलेली वाळू त्या तोंडांवर बसते. वर्षाकाठी काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर वाढणारी ही रचना एका टेकलेल्या टाचेखाली जाते. एका दगडाला स्पर्श म्हणजे पूजा आणि दुसऱ्याला स्पर्श म्हणजे इजा. तेव्हा पूजा हाताच्या कृतीवरून ठरत नाही. समोर कोण आहे हे ओळखण्यावरून ठरते.

आपल्या भाषेत बघणे आणि दर्शन घेणे हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ते वेगळे ठेवण्यात शहाणपण आहे. बाजार बघतात, जागा बघतात, मुलगी बघायला जातात. त्या बघण्यात आपण पारखणारे असतो आणि समोरचे पारखले जाते. दर्शनात हे नाते उलटे होते. देवळात जाणारा स्वतःला देवाच्या नजरेसमोर आणतो, आणि तसे येण्याआधी काही सोडून येतो. पायताण बाहेर राहते, आवाज खाली येतो, चाल मंदावते. हे सोडणे हा दर्शनाचा बाहेरचा शिष्टाचार नाही, ते दर्शनच आहे. स्नॉर्कल लावून पाण्यावर पालथे पडलेल्या माणसाकडून समुद्र नेमके हेच मागून घेतो. बोलता येत नाही, कारण तोंडात नळी आहे. घाई करता येत नाही, कारण श्वास नळीतूनच, सावकाश घ्यावा लागतो आणि प्रत्येक श्वास स्वतःच्या कानांना ऐकू येतो. शरीर दंडवतासारखे पसरलेले, तोंड खाली, फरक एवढाच की हे दंडवत कशालाही न टेकता घालायचे. मासे समोर येतात आणि पाहून निघून जातात. आपल्याला पाहिले गेले आहे, हे तिथे कोणाला सांगावे लागत नाही. एवढे सगळे आपोआप घडते. फक्त हाताचे काम माणसाकडे राहते. तो आवरला तर त्या अर्ध्या तासाचे दर्शन होते, नाही आवरला तर तीच एक सहल राहते.

हे मुळात नसलेले धर्माचे रूप आधुनिक पर्यटनावर लादणे आहे, असे कोणाला वाटेल. पण आवरलेला हात ही आपल्याकडची जुनी आणि यशस्वी रीत आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्यापुढे आले ते असे तुकडे, जिथे देवाच्या नावाने कुऱ्हाड थांबली म्हणून जुने रान टिकले होते. पाण्यातही असेच आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले मासे वरदायिनी देवीचे, म्हणून त्यांच्यावर जाळे पडत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसेश्वराच्या देवळाशी असेच देवाचे मासे आहेत. या जागांवर आरती होते, नवस होतात, भाविक माशांना लाह्या-चुरमुरेही टाकतात; पण मासे वाचले ते आरतीमुळे किंवा चुरमुऱ्यांमुळे नव्हे. इथे जाळे टाकायचे नाही, एवढा एकच नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला, त्यामुळे वाचले. आज देशाच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, बसवले आहे. कायद्याचा हा शब्द आणि देवराईचा तो नेम, दोन्ही हाताला उद्देशून आहेत. मनात काय भाव आहे हे दोन्ही विचारत नाहीत.

पहिला गंभीर आक्षेप इथेच येतो. पावित्र्याच्या भावनेवर भरवसा ठेवायचा असेल, तर आपल्या नद्यांकडे पाहा. चंद्रभागेला आई म्हणणारा समाज तिच्या वाळवंटाची काय अवस्था करतो? नीरेच्या काठी नरसिंहपुरासारखे क्षेत्र आहे, तरी त्या नदीत सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी सोडले जातेच. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. पण त्यातून निघणारा निष्कर्ष श्रद्धा निरुपयोगी आहे असा नाही. श्रद्धेचे दोन प्रकार आहेत, असा आहे. एक श्रद्धा पाण्याकडे काही मागायला जाते : माझे पाप धू, माझे निर्माल्य घे, माझी राख वाहून ने. तिच्या लेखी नदी जितकी पवित्र तितकी तिच्यावर टाकण्याची मुभा जास्त, कारण पवित्र वस्तू बाटत नाही अशी समजूत असते. दुसरी श्रद्धा आपल्यावर काही बंधन घेऊन जाते. नदीला आई म्हणणे सोपे पडले, कारण त्या शब्दाबरोबर हाताला कोणताच नेम जोडलेला नव्हता. डोहातल्या माशांना देवीचे म्हणणे सोपे नव्हते, कारण त्या क्षणी जाळे खाली ठेवावे लागले. म्हणून समुद्रदेवता म्हणून हात जोडणारा आणि मग प्रवाळावर उभा राहून फोटो काढणारा माणूस श्रद्धावान नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

दुसरा आक्षेप याहून खोल आहे, आणि तो महाराष्ट्राच्या मातीतला आहे. शिवू नको, हे शब्द या समाजाने ज्या अर्थाने वापरले त्याची जखम अजून भरलेली नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो लोकांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते हा शब्द मोडण्यासाठी. १९४७ साली साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केले, ते विठ्ठलाचे दार सगळ्यांना उघडावे म्हणून. त्याच पंढरपुरात पायांवर डोके टेकवून घेतलेले पदस्पर्शदर्शन हे वारकऱ्याचे सर्वांत मोठे सुख आहे. मग स्पर्श टाळण्यात पावित्र्य असते, असे म्हणणारा माणूस सोवळ्याचीच वकिली करत नाही का? नाही, आणि याची कसोटी अगदी सरळ आहे. नियम कोणावर आहे, आणि स्पर्शाने इजा कोणाला होते? चवदार तळ्यावरचा नियम काही माणसांवरच होता, जनावरांनाही तो लागू नव्हता. आणि त्या स्पर्शाने पाण्याला काहीच होत नव्हते, इजा होत होती ती फक्त वरच्या जातींच्या गर्वाला. प्रवाळाचा नियम होडीतल्या प्रत्येकावर सारखा आहे, पैसे देणाऱ्यावर, नेणाऱ्यावर, शास्त्रज्ञावरही. आणि इजा होते ती स्पर्श सोसणाऱ्या जिवाला, डोळ्यांनी दिसेल अशी. सोवळे बलवानाला दुबळ्यापासून दूर ठेवत होते. हा नेम दुबळ्याला बलवानापासून वाचवतो. पंढरपूरची साक्षही इथे उपयोगी पडते. शतकानुशतकांच्या स्पर्शाने आणि अभिषेकांनी विठ्ठलाची मूर्ती झिजली, तेव्हा तिच्यावर वज्रलेप करण्याची वेळ पुन्हापुन्हा आली. पाषाणाच्या देवालाही प्रेमाच्या हाताची झीज सोसावी लागते, हे भक्तांनी मान्य केले आणि उपाय केला. प्रवाळाला वज्रलेप नाही.

तिसरा प्रश्न मच्छीमार विचारेल, आणि त्याला तो अधिकार आहे. मालवणचा गाबीत समाज पिढ्यान्‌पिढ्या या समुद्रातून मासे काढतो, किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढतो. १९८७ साली पद्मगड किल्ल्याच्या परिसरासह सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा आपला समुद्र आपल्याच हातून काढून घेतला जाईल या भीतीने मच्छीमारांनी विरोध केला. जाळे टाकणारा पापी आणि मास्क लावून बघणारा पर्यटक पुण्यवान, असा हिशोब कोणी मांडत असेल तर तो अन्याय आहे. मच्छीमाराच्या घेण्यात त्याची भाकरी आहे, आणि त्याच्या रीतीत थांबणेही आहे : पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या दिवसांत, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुन्हा समुद्र उघडतो. आज १ जून ते ३१ जुलै ही यांत्रिक मासेमारीची बंदी सरकारी आहे, पण थांबण्याची कल्पना त्या समाजाला परकी नाही. ज्याला घेण्याची गरज आहे तो मर्यादेत घेतो. ज्याला गरज नाही त्याने घेतलेला एक शिंपलासुद्धा जास्त असतो. काही होड्यांवर पर्यटकांच्या फोटोत मासे यावेत म्हणून पाण्यात पाव टाकला जातो, त्याचाही विचार याच तराजूत करावा. दिसायला ते अन्नदान आहे, पण त्या पावात माशाची भूक नाही, आपली हौस आहे; आणि शेवाळ खुडून प्रवाळ स्वच्छ ठेवणारा मासा पावाच्या मागे लागला तर नुकसान प्रवाळाचेच. हात रिकामा ठेवणे हीसुद्धा हात आवरण्याची एक तऱ्हा आहे. आणि हा नेम किनाऱ्यावरच्या माणसाला विचारून, त्याला राखणदार करून आखला, तरच त्याला धर्माचे बळ येईल.

शेवटचा आक्षेप विज्ञानाचा आहे आणि तो निराश करणारा आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी काही आठवडे तापून राहिले, तरी प्रवाळातले शैवाल बाहेर पडते, प्रवाळ पांढरे होते आणि पाणी लवकर निवले नाही तर उपासाने मरते. असे जगभर एकाच वेळी घडण्याची चौथी घटना शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केली. समुद्रच तापत असेल, तर तारकर्लीला एकाने बोट आवरून काय साधणार? याचे उत्तर असे की हात आपण समजतो त्यापेक्षा लांब आहे, आणि आवरण्याचा अभ्यास कुठून तरी सुरू व्हावा लागतो. कोऱ्हाळे बुद्रुकचे पाणी मालवणला जात नाही, पण उसाच्या फडात पेटवलेल्या पाचटाच्या धुराला सह्याद्रीची धार अडवत नाही; विजेच्या, डिझेलच्या, गाडीच्या धुरालाही नाही. जो माणूस पाण्यावर अर्धा तास पालथा पडून एका जिवासाठी हात मागे घेतो, त्याला पहिल्यांदा कळते की दुरूनही स्पर्श होतो. हे कळल्याशिवाय आकडे ऐकून कोणी बदलत नाही.

आणि आवरणे ही विद्या समुद्राकडूनच शिकावी लागते असेही नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्याने ती किंमत देऊन शिकली आहे. मुबलक पाणी आहे म्हणून रानात सोडतच राहिले, तेव्हा काळी जमीन फुगली, क्षार वर आले, चांगली शेते क्षारपड आणि चोपण झाली. पाणी वाईट नव्हते, देणारा हात कुठे थांबावा हे उमगले नव्हते. रात्री बॅटरी घेऊन दारे धरणारा शेतकरी सरी पुरी भिजली की मातीचा बांध घालतो आणि पाणी पुढच्या सरीकडे वळवतो. पाणी समोर वाहत असते, आवर्तन चालू असते, आणखी थोडे घेता आले असते. तो घेत नाही, कारण खालची मुळे त्याला दिसत नसली तरी ती आहेत हे त्याला माहीत असते. घाट उतरून समुद्रावर जाणाऱ्याने बरोबर एवढे एक न्यावे. मास्क तिथे भाड्याने मिळतो. थांबण्याचे हे भान मात्र शिवारातूनच सोबत घेऊन जावे लागते, आणि परत येताना ते थोडे वाढलेले असावे.