पडद्यामागच्या खाटा

अमेरिकेतल्या एका लहान गावात एका शेतकऱ्याची मुलगी होती. तिला नाव होतं, पण तिच्यासारख्या इतक्या जणी त्या काळी गेल्या की नावावाचून गोष्ट अडत नाही. ती नर्सिंग शिकली, सैन्यात भरती झाली आणि 1967 साली, ऐन तेविशीत, व्हिएतनामच्या मध्य पठारावर प्लेइकूच्या लष्करी रुग्णालयात जाऊन पोचली.

तिथली माती लाल. पावसात तिचा चिखल होई, उन्हात धूळ. हेलिकॉप्टरमधून जखमी जवान उतरत ते त्या मातीने माखलेले. आधी त्यांचे कपडे कापून काढावे लागत. त्यासाठी तिच्या खिशात कात्री असे. कात्रीचं खालचं पातं टोकाला बोथट असतं; कातडीलगत सरकवलं तरी टोचत नाही. बुटाच्या नाडीपासून सुरुवात करायची आणि न थांबता वर कमरेपर्यंत जायचं. थोड्याच दिवसांत तिचा हात असा बसला की दिवे गेले तरी कात्री चुकत नसे.

जखमी फार आले की डॉक्टर दारातच त्यांची वर्गवारी करत. ज्याला तातडीने टेबलावर घ्यायचं तो एकीकडे, ज्याला थांबता येईल तो दुसरीकडे, किरकोळ जखमांचे बाहेर. आणि एक चौथा गट असे. ज्याच्यावर तासन् तास घालवले तरी तो हाती लागणार नाही, आणि तेवढ्या वेळात वाचू शकणारे दुसरे मात्र जातील, अशांचा. त्यांना वेदना होऊ नयेत म्हणून मॉर्फिन देत आणि पडद्यामागच्या खाटेवर ठेवत. यात कुणाचं मन दगडाचं नव्हतं. जखमा फार होत्या आणि हात कमी होते.

1968 च्या जानेवारीअखेर, तिथल्या नववर्षाच्या सणात, दक्षिण व्हिएतनामच्या शंभरावर शहरांवर आणि गावांवर हल्ले झाले. प्लेइकूही सुटलं नाही. हेलिकॉप्टरं येतच राहिली. पाळी संपली तेव्हा तिचे पाय सुजले होते. ती झोपायला निघाली. वाटेत तो पडदा होता. आतून कुणीतरी विचारलं, "कुणी आहे का?"

ती आत गेली. मिसरूडही नीट न फुटलेला पोरगा होता. डोक्याला पट्टी होती आणि पट्टी भिजत चालली होती.

"मी वाचेन ना, मॅडम?"

खोटं बोलायला तिची जीभ रेटेना. खरं सांगवेना. "मी इथे आहे," ती म्हणाली. औषधांचं एक रिकामं खोकं ओढून ती त्यावर बसली आणि तिने त्याचा हात हातात घेतला. तो आईबद्दल बोलला, धाकट्या भावाबद्दल बोलला, मग बोलायचा थांबला. पहाटे हात सैल पडला. ती उठली, तिने तोंडावर पाणी मारलं आणि पुढच्या पाळीला उभी राहिली.

मग रोजच ती पाळी संपली की पडद्यामागे जाऊ लागली. एकदा तिथली जुनी नर्स तिला म्हणाली, "अगं, जरा पाठ टेक. इथे तुझ्या हातून काही होण्यासारखं नाही."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "म्हणून तर पाळी संपल्यावर येते."

वर्ष भरलं आणि ती मायदेशी परतली. शहरातल्या एका रुग्णालयात तिला नोकरी मिळाली. जिने रात्र रात्र रक्त चढवलं होतं, तिला आता डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुईला हात लावता येईना. हेलिकॉप्टरचा आवाज आला की तिच्या हातातला ट्रे खाली पडे. रात्री डोळा लागेना, लागला तर पोरं हाका मारत. झोपेसाठी ती दारू घेऊ लागली. मग दारूपायी नोकरी गेली. दुसरी मिळाली, तीही गेली.

एकदा धीर करून ती माजी सैनिकांच्या एका कचेरीत गेली. टेबलामागच्या माणसाने अदबीने विचारलं, "नवऱ्याची कागदपत्रं आणलीत का?"

"नवऱ्याची नाही. मीच होते तिथे."

"पण बाई, बायका कुठे लढाईत होत्या?"

सुमारे 11,000 अमेरिकन स्त्रिया गणवेशात त्या युद्धावर गेल्या होत्या आणि त्यातल्या बहुतेक नर्सच होत्या. 1969 च्या जूनमध्ये चू लाईच्या रुग्णालयावर रॉकेट पडून शॅरन लेन ही नर्स मारली गेली होती. हे सगळं तिला सांगता आलं असतं. पण तिला अंगातलं त्राण गेल्यासारखं झालं. ती नुसती उठली आणि बाहेर पडली.

1980 साली मनावरच्या अशा आघाताला अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या ग्रंथात रीतसर जागा दिली. तोवर ती जुन्या मोटारीत झोपू लागली होती. पुढे मोटारही गेली. फिरत फिरत ती सॅन दिएगोला आली, कारण तिथे थंडी मारत नाही. एका पुलाखाली तिने आडोसा केला. येणारे-जाणारे तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करत. होतं नव्हतं ते तिने विकलं, कात्री तेवढी ठेवली. पुलाखालच्या कुणाचा पाय चिघळला की तो तिच्याकडे येई, आणि ती जमेल तेवढं करी.

1988 च्या उन्हाळ्यात त्या शहरातल्या व्हिएतनामच्या माजी सैनिकांनी मिळून शाळेच्या मैदानावर तीन दिवसांसाठी तंबू ठोकले. आघाडीवरच्या तुकडीला काही दिवस मागे आणून आंघोळ, गरम जेवण आणि झोप देतात, तसं रस्त्यावर आलेल्या आपल्या सोबत्यांना द्यावं, असं त्यांच्या मनात होतं. पुलाखालचा एक जण तिला हाताला धरूनच घेऊन गेला.

पाय तपासायच्या तंबूत एक तरुण नर्स होती. हिचा मोजा जखमेला चिकटला होता. पोरीने कात्री घेतली आणि तिचा हात अडखळला.

"बोथट बाजू कातडीकडे," ही म्हणाली. "घोट्यापासून वर ये. थांबू नकोस."

पोरीने मान वर केली. "तुम्ही नर्स होतात?"

"होते."

"कुठे?"

पुष्कळ वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. "प्लेइकू," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. बाहेर रांग मोठी होती. पोरीने रांगेतल्या लोकांना दुसऱ्या टेबलाकडे जायला सांगितलं. ती काही समजावत बसली नाही. जवळ बसून राहिली, आणि पाण्याची बादली थंड झाली तेव्हा उठून दुसरी आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही त्याच तंबूच्या दाराशी उभी होती. "मला कोपऱ्यातलं स्टूल द्या," ती म्हणाली. "मला हे काम येतं."

युद्धात तो पडदा ओढावा लागतो, कारण हात खरंच कमी असतात. शांततेच्या काळात हात पुरेसे असतात, तरी आपण तो तसाच ओढलेला ठेवतो. ज्याचं काही होणार नाही असं आपण मनाशी ठरवून टाकतो, त्याच्याजवळ बसायलाही मग कुणी जात नाही. आणि बसल्याशिवाय कळत नाही की त्यातलं कोण अजून उठू शकतं. त्या पोरीने हिला वाचवायचं ठरवलं नव्हतं. ती निघून गेली नाही, एवढंच.

पुढची वाट सरळ नव्हती. दारू सुटली, पुन्हा लागली, पुन्हा सुटली. पण तिला राहायला खोली मिळाली, आणि बेघरांच्या एका दवाखान्यात काम मिळालं.

1993 च्या 11 नोव्हेंबरला वॉशिंग्टनमध्ये, युद्धात गेलेल्यांची नावं कोरलेल्या काळ्या भिंतीजवळ, त्या युद्धातल्या स्त्रियांच्या स्मारकाचं अनावरण झालं. तीन स्त्रिया आणि एक जखमी जवान, ब्राँझमध्ये. भिंतीवरच्या हजारो नावांत आठ नावं स्त्रियांची होती. शॅरन लेनचं नाव त्यातच होतं. देशभरातून नर्स आल्या होत्या. हीही गेली.

गर्दीत कुबड्या घेतलेला एक माणूस भेटेल त्या बाईला विचारत होता, "तुम्ही कुठल्या रुग्णालयात होतात?" तो तिच्यापाशी आला. तिने सांगितलं. त्याला आभार मानायचे होते, पण त्याचा गळा दाटला.

ती त्याच्या बुटांकडे पाहत होती. एकाचा तळ उसवला होता आणि आत वर्तमानपत्र कोंबलं होतं.

"रात्री झोपता कुठे?" तिने विचारलं.

तो जरा गप्प राहिला. "मिळेल तिथे," तो म्हणाला.

"मग चला," ती म्हणाली. "आधी काहीतरी खाऊन घेऊ. सोय कुठे होते ते मी बघते."