मुलाचे काम, मुलाचा हक्क

एप्रिल सरत आला की जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर एकच विषय निघतो. शाळा आता दीड महिना बंद राहणार. मुलांचे काय करायचे? बहुतेक वडिलांचे उत्तर आधीच ठरलेले असते. ‘इमामसाहेब, सकाळी सातला आणून सोडतो, जोहरपर्यंत आपल्याकडेच ठेवा. जमल्यास असरपर्यंत.’ त्यांच्या बोलण्यात श्रद्धा असते, दीनची आस्था असते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर थोडी सुटकाही असते.

यंदा एका भगिनीने आपल्या पतीच्या हाती एक चिठ्ठी पाठवली. तिला तीन मुले आहेत, थोरला आठ वर्षांचा. या सुट्टीत मुलांना कोणत्याही वर्गाला न पाठवता घरीच मॉन्टेसरी पद्धतीने शिकवण्याचा तिचा विचार होता. तिचे प्रश्न दोन होते. ही पद्धत एका ख्रिस्ती स्त्रीने घडवलेली. ती मुस्लिम घरात आणणे योग्य आहे का? आणि मुलाला स्वतःचे काम स्वतः निवडू दिले, तर तो आईवडिलांची आज्ञा पाळणे विसरणार नाही का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. बद्रच्या युद्धकैद्यांपैकी ज्यांच्याजवळ खंडणीसाठी धन नव्हते पण लिहिता येत होते, त्यांनी मदीनेतील दहा मुलांना लिहावयास शिकवावे आणि मुक्त व्हावे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ठरवल्याची रिवायत आहे. ते शिक्षक मुश्रिक होते, कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभे होते. त्यांची श्रद्धा घेतली गेली नाही. त्यांची अक्षरे घेतली गेली. मारिया मॉन्टेसरी या इटलीतील डॉक्टर. 1907 मध्ये रोमच्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत, आईवडील कामावर गेल्यावर जिन्यांत आणि गल्ल्यांत भटकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले. 1939 मध्ये त्या मद्रासच्या अड्यार येथे आल्या. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली, तेव्हा इंग्रज सरकारने त्यांना अड्यारच्या आवारात स्थानबद्ध केले आणि त्यांचे पुत्र मारिओ यांना आपल्या अहमदनगरच्या छावणीत ठेवले. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी हीच दृष्टी 1945 मध्ये बोर्डीच्या खेडूत आणि आदिवासी मुलांपर्यंत नेली, आणि महागड्या लाकडी साहित्याऐवजी परिसरातील वस्तूंतून शिक्षण देऊन दाखवले. तेव्हा ही पद्धत आपल्या मातीला परकी नाही. तिच्यातील जे आपल्या अकीद्याशी जुळत नसेल ते सोडावे, जे उपयोगाचे आहे ते घ्यावे.

दुसरा प्रश्न मात्र मला अनेक रात्री पुरला. त्याचे कारण माझ्या स्वतःच्या घरात होते.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. एका दुपारी ती माठातून पाणी काढून तांब्यातून पेल्यात ओतत होती. दोन्ही हातांनी तांब्या धरलेला, जीभ दातांत, डोळे धारेवर. मला मशिदीत जायची घाई होती आणि पाणी मलाच हवे होते. मी तिच्या हातून तांब्या घेतला, पेला भरला, प्यालो, आणि उरलेले पाणी मोठ्या प्रेमाने तिच्या पुढ्यात ठेवले. ती रडू लागली. मी म्हणालो, ‘अगं, दिलं ना पाणी!’ तिची अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘तिला पाणी नको होतं. तिला ओतायचं होतं.’

मॉन्टेसरींच्या साऱ्या विचाराचा गाभा माझ्या पत्नीच्या या एका वाक्यात आहे, आणि तिने त्यांचे एकही पुस्तक वाचलेले नाही. बालगृहाच्या आरंभीच्या दिवसांत मॉन्टेसरींनी एक तीन वर्षांची मुलगी पाहिली. ती लाकडी दट्टे त्यांच्या त्यांच्या खाचांत बसवत होती, काढत होती, पुन्हा बसवत होती. भोवती इतर मुलांना गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. तिने दट्टे मांडीत सावरून धरले आणि पुन्हा काम सुरू केले. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केले, आणि मग आपणहून थांबली. थकलेली नव्हे, विसावा घेऊन उठल्यासारखी दिसत होती. मोठ्या माणसाचे काम फळासाठी असते, ते लवकर संपावे अशी त्याची इच्छा असते. लहान मुलाचे काम त्याला घडवण्यासाठी असते, म्हणून ते संपले तरी तो पुन्हा करतो. आपण त्याच्या हातून ते काढून घेतो आणि त्याला मदत म्हणतो.

यास जुल्म म्हणता येईल काय? हा शब्द मोठा आहे, मी तो सहज वापरत नाही. परंतु मदरशात आम्हाला जुल्मची जी व्याख्या शिकवली गेली ती तलवारीची वा मारहाणीची नाही. एखादी वस्तू तिच्या स्थानी न ठेवणे, म्हणजे जुल्म. एकाचे जे आहे ते दुसऱ्याकडे जाणे हे त्यातच आले. मग प्रश्न असा उरतो की ते पाणी ओतण्याचे काम कोणाचे होते?

कोणी म्हणेल, चार वर्षांच्या मुलीचा कसला हक्क? ती मुकल्लफ नाही, तिच्यावर शरियतचा भार नाही, ती वडिलांच्या अधीन आहे. येथे आमच्या उसूले-फिक्हमधील एक भेद उपयोगी पडतो. फकीहांनी माणसाची पात्रता दोन प्रकारची मानली आहे. कर्तव्य आणि व्यवहार स्वतः पार पाडण्याची पात्रता, ती ‘अहलियते-अदा’. ती समजेबरोबर येते आणि बुलूगनंतर पूर्ण होते. परंतु हक्क धारण करण्याची पात्रता, ‘अहलियते-वुजूब’, ही माणसाला जन्मतःच असते. काही अंशी तर आईच्या उदरातही असते, म्हणूनच न जन्मलेल्या मुलाचा वारशातील हिस्सा राखून ठेवला जातो. पाळण्यातले मूल मालमत्तेचे धनी असू शकते. बाप त्या मालमत्तेचा वली आहे, मालक नाही. तो तिचे रक्षण करील, ती वाढवील. परंतु मुलाच्या धनातून तो कोणाला देणगी देऊ शकत नाही, मग ती कितीही पुण्याची असो.

मालमत्तेविषयी फकीहांनी जे म्हटले ते मुलाच्या वेळेला आणि कामालाही लागू करावे, हा माझा स्वतःचा विचार आहे. तो फतवा नव्हे. पण ज्याच्या दोन रुपयांना आपण हात लावू शकत नाही, त्याच्या बालपणाचे मात्र आपण मालक आहोत, ही गोष्ट मला पटत नाही.

सहल बिन सअद (रजि.) यांची एक रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे. प्रेषितांपुढे (स.) पेय आणले गेले. ते प्यायले. उजव्या बाजूस एक मुलगा बसला होता, डाव्या बाजूस वयोवृद्ध मंडळी. रीतीप्रमाणे पेला उजवीकडे जायचा. प्रेषितांनी (स.) त्या मुलास विचारले की, हे आधी या ज्येष्ठांना देण्याची तू मला परवानगी देतोस काय? मुलगा म्हणाला की नाही, आपल्याकडून मिळणारा माझा वाटा मी कोणासाठीही सोडणार नाही. आणि प्रेषितांनी (स.) पेला त्याच्या हातात दिला.

मी हा प्रसंग कितीतरी वेळा मिंबरवरून सांगितला आहे, उजव्या हाताचे महत्त्व समजावण्यासाठी. त्यातील मुलाकडे माझे लक्ष यंदा गेले. आपणही मुलांना विचारतो, परंतु होकारच यावा म्हणून विचारतो. ‘बेटा, तुझं खेळणं ताईला देतोस ना?’ तो नाही म्हणाला की आपण त्याला हट्टी म्हणतो, आणि खेळणे ताईला देतो. म्हणजे ते विचारणे नव्हतेच. हुकमाला घातलेले ते सौजन्याचे झाकण होते. ज्या सभेत सहाबींमधील वडीलधारे बसले होते, तेथे एका मुलाचा नकार मान्य झाला. कोणी त्याला बेअदब म्हटले नाही.

आता दुसरी बाजू. उमर बिन अबी सलमा (रजि.) लहानपणी प्रेषितांच्या (स.) घरी वाढले. जेवताना त्यांचा हात ताटात सगळीकडे फिरे. तेथे प्रेषितांनी (स.) परवानगी विचारली नाही, सांगितले. अल्लाहचे नाव घे, उजव्या हाताने जेव, आपल्या समोरचे खा. तीन गोष्टी, त्याही ताटावर बसलेले असताना, रागाविना. ते सांगतात की त्यानंतर माझी जेवण्याची रीत तीच राहिली.

त्या भगिनीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला या दोन मुलांच्या मधे सापडते. एकाचा हात स्वतःच्या हिश्शाकडे जात होता, दुसऱ्याचा सगळ्यांच्या ताटात. जे मुलाचे आहे तेथे त्याला विचारावे लागते, आणि त्याचा नकार सोसावा लागतो. जेथे इतरांचा हक्क आणि अदब सुरू होतो, तेथे त्याला सांगावे लागते. मॉन्टेसरींच्या वर्गातही मुलाला वाटेल ते करण्याची मुभा नव्हती. वस्तू वापरून जागेवर ठेवायची, दुसरा काम करीत असेल तर त्याच्या हातातून ओढून घ्यायची नाही, इतरांना त्रास होईल ते चालायचे नाही. आज्ञापालन विसरवणारी ही पद्धत नव्हे. उलट, ज्याचा हक्क कोणीतरी पाळला आहे, त्यालाच दुसऱ्याचा हक्क म्हणजे काय ते कळते, असा माझा अनुभव आहे.

आणि नमाज? ती कप्प्यावर ठेवलेल्या वस्तूंतील एक नाही, की आज निवडली, उद्या नाही. सातव्या वर्षी मुलाला नमाजची आज्ञा द्यावी, ही हदीस आपल्या सर्वांना पाठ आहे. पण तिचा दुसरा अर्थ आपण वाचत नाही. सातच्या आधी आज्ञा नाही. त्या वर्षांत मूल पाहते. सजद्यात गेलेल्या आजोबांच्या पाठीवर चढते, आणि आजोबा सजदा लांबवतात. दीनच्या आधारस्तंभासाठी शरियतने सात वर्षे वाट पाहिली. आपण मात्र चार वर्षांच्या मुलाकडून मे महिन्यात दहा सूरा पाठ करवून घेतो, कारण जूनच्या जलशात त्याला माइकसमोर उभे करायचे असते. असे जलसे मीच भरवले आहेत. टाळ्या वाजल्या की मलाही बरे वाटले आहे. त्या टाळ्यांत मुलाचा हिस्सा किती आणि माझा किती, हे मी तेव्हा मोजले नाही. इमाम गजाली (रह.) यांनी नऊ शतकांपूर्वीच बजावले होते की मकतबातून आलेल्या मुलाला मनसोक्त खेळू द्यावे, खेळ बंद करून सदैव अभ्यासाला जुंपले तर त्याचे हृदय मरते, बुद्धी मंदावते, आणि तो सुटकेच्या युक्त्या शोधू लागतो. मी ते मदरशात वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते.

चिठ्ठीच्या उत्तरात मी त्या भगिनीला लिहिले की महागडे लाकडी साहित्य मागवू नका. आपल्या घरात मे महिन्यात जे चालते तेच पुरेसे आहे. गच्चीवर कुरडया घालायच्या असतात, शेवया वाळवायच्या असतात, गहू निवडायचे, लसूण सोलायचा, माठ भरायचा, पाखरांसाठी वाडग्यात पाणी ठेवायचे. मुलाच्या हाताला येईल एवढी वाटी, एवढाच झाडू, त्याच्या उंचीवर एक फळी. आणि सांडलेले पुसायला त्याच्याच आवाक्यात एक फडके. बाकी मोठ्यांनी थोडे मागे सरावे. मूल कुरडई वाकडी घालील. वाकडी कुरडईही तळता येते.

तिच्या पतीला मी तोंडी वेगळे सांगितले. हे सारे कोण करणार? तीन मुले, उन्हाळ्याची वाळवणे, पाहुणे, आणि वर ‘घरची शाळा’. तिच्या चिठ्ठीतील वेळापत्रकात सकाळी सहा ते रात्री दहा अम्मीच होती. अब्बांचे नाव कोठेही नव्हते. हजरत आयशा (रजि.) यांना विचारले गेले की प्रेषित (स.) घरी काय करीत असत, त्या म्हणाल्या की घरच्यांच्या कामात असत, आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. मुलांना कामाची गोडी लागावी असे ज्यांना वाटते, त्यांनी मुलांना बापाच्या हातात झाडू पाहू द्यावा. तो गृहस्थ हसला. मी हसलो नाही.

येथे एक गोष्ट मला अस्वस्थ करते, ती टाळून पुढे जाता येत नाही. आमच्याच मोहल्ल्यात दहा वर्षांचा एक मुलगा सुट्टीभर वडिलांच्या फळांच्या हातगाडीवर असतो. त्याला सुटे पैसे मोजता येतात, आंबा वासावरून ओळखता येतो, गिऱ्हाइकाशी कसे बोलावे ते येते. त्याच्यासमोर ‘मुलाला काम करू द्या’ हा लेख वाचून दाखवण्याचे धैर्य मला नाही. माझ्या मुलीच्या हातून काम काढून घेतले जाते. त्याच्या हातून बालपण काढून घेतले जात आहे. दोन्हीकडे कसोटी एकच आहे असे मला वाटते: हे काम त्याला घडवण्यासाठी आहे की आपली गरज भागवण्यासाठी? परंतु त्याच्या बापाला जुल्मी म्हणण्याआधी, जकात वाटताना आपण त्या हातगाडीजवळून किती वेळा पुढे गेलो, हा प्रश्न मला आधी जमातीला विचारावा लागेल.

बकरी ईद अलीकडे सुट्टीच्या आसपासच येते. हजरत इब्राहीम (अ.) यांना स्वप्नात आदेश झाला, तो अल्लाहचा आदेश होता. तरीही त्यांनी मुलाला स्वप्न सांगितले आणि त्याचे मत विचारले. सूरह साफ्फातमध्ये तो संवाद आहे. पुत्राचे उत्तर आपण दरवर्षी ऐकतो. यंदा खुत्ब्यात मी त्या उत्तराआधीच्या प्रश्नाविषयी बोलणार आहे.

मशिदीतील उन्हाळी वर्ग यंदा सकाळी सात ते नऊ एवढाच ठेवला आहे. सात वर्षांखालील मुलांना नोंदवून घेतलेले नाही. ती मोठ्या भावंडांबरोबर आली तर येऊन बसतील, कंटाळली तर अंगणात जातील. जूनचा जलसा नाही. काही वडील नाराज आहेत. एकाने स्पष्ट विचारले, ‘नऊनंतर मी त्यांचं काय करू?’ मी म्हणालो, त्यांनाच विचारा. त्याने आपली दोन्ही मुले दुसऱ्या वर्गात घातली आहेत.