कुस्तीचा फड आणि मोडलेलें अंग

(निर्गम २१:१८-१९)

मानवतच्या आसपास जत्रांचे दिवस आले कीं हलगी वाजूं लागते आणि आपल्या मंडळ्यांतील तरुणांचेही पाय फडाकडे वळतात. त्यांस काय सांगावें, असें उपदेशक बंधु आम्हांस विचारितात. जत्रेंतील नवसांविषयीं आपण पुष्कळ बोललों आहों; आज प्रश्न शरीराचा आहे.

कुस्ती हें पाप आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. याकोब यब्बोकाच्या कांठीं पहांटेपर्यंत झुंजला. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें, त्याचा आम्हांसही अभिमान आहे. २०२५ सालीं अहिल्यानगर येथें महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंत शिवराज राक्षे ह्यांनीं पंचास लाथ मारिली व त्यांजवर तीन वर्षांची बंदी आली. निकाल बरोबर होता कीं चूक, हें आम्ही ठरवीत नाहीं. परंतु पंचावर पाय उचलला कीं कुस्ती संपली.

आतां मोशेचें नियमशास्त्र पाहा. दोघांच्या मारामारींत एक जण अंथरुणास खिळला, आणि पुढें काठी टेकून हिंडूं लागला, तर मारणारा शिक्षेंतून सुटतो. तथापि बुडालेल्या दिवसांची भरपाई व पुरता औषधोपचार त्याच्याच माथीं आहे. हें भांडणाविषयीं सांगितलें आहे खरें. पण रागाच्या भरांत झालेल्या इजेचा हा हिशेब, तर इनाम लावून, वर्गणी काढून, लोकांच्या करमणुकीसाठीं बोलाविलेल्या गड्याचा हिशेब कोणी द्यावा?

आमच्या फडांत जिंकणाऱ्यास फेटा व रोख मिळते. ज्याचा गुडघा निखळला त्यास दोघे उचलून कडेला बसवितात, आणि हलगी पुन्हां सुरू होते. मग त्यास ना कापसाची वेंचणी, ना ऊसतोड. मानेस इजा झाली तर जन्माचें पंगुत्व. हातावर पोट असलेल्या घरानें तें कोठून सोसावें?

दाविदाच्या तीन वीरांनीं जिवावर उदार होऊन बेथलेहेमच्या विहिरीचें पाणी आणिलें, तेव्हां तें त्याच्या घशाखालीं उतरेना. त्यास तें माणसांचें रक्त वाटलें (२ शमुवेल २३:१५-१७). आपण मात्र कडेला बसून “आपट, आपट” म्हणून ओरडतों.

म्हणून उपदेशकांनीं जोड ठरण्यापूर्वींच फडकऱ्यांस विचारावें: वजन व वय सारखें आहे काय? पंच जाणता आहे काय? डॉक्टर जवळ आहे काय? वर्गणींतून औषधपाण्यास कांहीं राखिलें आहे काय? रेवड्यांच्या कुस्तींत लहान लेंकरें उतरतात, तेथें तर अधिक जपावें. उत्तर सरळ न मिळाल्यास आपल्या मुलास त्या मातींत उतरूं देऊं नये. लोक भित्रा म्हणतील, म्हणोत.

आणि गेल्या जत्रेंतला कोणी अजून पडून असेल, तो आपल्या मंडळींतला असो वा नसो, तर येत्या रविवारीं उपासनेनंतर चौघांनीं त्याच्या दारीं जावें, आणि त्याच्या रानांतलें अडलेलें काम आधीं पुरें करावें.