डर्बनचा देशी, केपटाउनचा परका

डर्बनमधल्या बागेत रात्री दिव्याखाली किडे मटकावत बसलेल्या भेकाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. तोच भेक केपटाउनच्या कॉन्स्टँशिया उपनगरात दिसला, तर निसर्गरक्षणाचं काम करणारी माणसं त्याला पकडून नेतात आणि मारतात. दोन्ही शहरं दक्षिण आफ्रिकेतलीच. मधे रस्त्याने सुमारे सोळाशे किलोमीटरचं अंतर. भेक तोच, देश तोच, कायदाही तोच. फक्त डर्बनमध्ये तो देशी आणि केपटाउनमध्ये परका.

या भेकाचं आजचं शास्त्रीय नाव स्क्लेरोफ्रिस गटुरॅलिस. ‘आजचं’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात प्रत्येक प्राण्याच्या नोंदीत दोन ओळी ठरलेल्या असतात: एक वर्गीकरणाची, दुसरी आढळाची. तो कोण आणि तो कुठला. वाचणाऱ्याला वाटतं, या ओळी सातबाऱ्यावरच्या नोंदीसारख्या पक्क्या असाव्यात. (सातबाराही किती पक्का असतो ते आपण जाणतोच.) या भेकाच्या बाबतीत गेल्या शंभर वर्षांत दोन्ही ओळी पुन्हा पुन्हा लिहिल्या गेल्या, आणि एक ओळ बदलली की दुसरीही हलली.

सुरुवात १८३३ची. रॉयस नावाच्या जर्मन अभ्यासकाने इजिप्तमधल्या एका भेकाला बूफो रेग्युलॅरिस हे नाव दिलं. पुढे आफ्रिकेत कुठेही मध्यम आकाराचा, तपकिरी, चामखिळींच्या पाठीचा भेक सापडला की तो याच नावाखाली जाऊ लागला. नाईलच्या काठापासून खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत एकच जाती पसरली आहे, असं चित्र त्यातून तयार झालं. १९२७मध्ये किंबर्लीच्या जे. एच. पॉवर यांनी दक्षिणेतल्या भेकांना ‘गटुरॅलिस’ म्हणून वेगळं काढलं खरं, पण उपजातीच्या दर्जावरच. यात त्या काळच्या अभ्यासकांचा फार दोष नाही. संग्रहालयातल्या बरणीत दारूत बुडवलेला भेक रंग गमावतो, आणि ओरडत तर नाहीच. मांडीच्या मागचा लालसर डाग, डोक्यावरच्या काळपट ठिपक्यांमधून उमटणारी फिकट फुली, या खुणा जिवंत प्राण्यावर पाहायच्या असतात. घशातून येणारा त्याचा तो घोरल्यासारखा आवाज तर तळ्याकाठीच ऐकायला हवा.

तळ्याकाठी जाऊन ऐकणारी माणसं पुढे आली ती ध्वनिमुद्रक घेऊन. १९७२मध्ये टेक्सासच्या फ्रँक ब्लेअर यांनी संपादित केलेला बूफोच्या उत्क्रांतीवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्यात टँडी आणि कीथ यांनी आफ्रिकेतल्या भेकांची फेरमांडणी करताना नराच्या हाकेला मोठं वजन दिलं. त्याच सुमारास गुणसूत्रंही मोजली जात होती. जगातल्या बहुतेक भेकांमध्ये २२ गुणसूत्रं, पण आफ्रिकेतल्या एका मोठ्या गटात २०. नकाशावरचा तो अवाढव्य एकरंगी पट्टा फाटत गेला. रेग्युलॅरिस उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे सरकला. केनियापासून अंगोला, झांबिया, मोझांबिक करत दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागापर्यंतचा प्रदेश गटुरॅलिसच्या वाट्याला आला. एकही भेक जागचा हलला नव्हता.

यावरून कुणी म्हणेल, मग हे सगळं माणसाच्या कागदावरचं. मला तसं वाटत नाही. अंधाऱ्या तळ्यात तीन-चार प्रकारचे नर एकाच वेळी ओरडत असतात आणि मादी त्यातला आपला आवाज ओळखून त्याच्याकडे जाते. ही निवड शास्त्रज्ञ नव्हते तेव्हाही होतच होती. जातीची सीमा आपण शोधतो; कधी चुकीच्या जागी शोधतो, पण ती आखणारे भेकच असतात.

जातीच्या वरची पायरी, प्रजाती, हे प्रकरण मात्र वेगळं. तिथे आपली सोय, आपले नियम आणि थोडा मानापमानही असतो. २००६मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीतल्या डॅरेल फ्रॉस्ट आणि सहकाऱ्यांनी उभयचरांचा वंशवृक्ष नव्याने मांडला आणि जगभर पसरलेली बूफो ही प्रजाती मोडून तिचे तुकडे केले. वीस गुणसूत्रांच्या आफ्रिकी भेकांना अमिएटोफ्रिनस हे नाव मिळालं, कॅमेरूनमध्ये आयुष्याचा मोठा काळ बेडकांमागे घालवलेल्या जाँ-लुई अमिए यांच्यावरून. आपल्या मोरीत, पडवीत, कुंडीखाली बसणारा ओळखीचा भेकही त्याच निबंधात बूफो राहिला नाही. तो डट्टाफ्रिनस मेलॅनोस्टिक्टस झाला. ते नाव भारतीय अभ्यासक सुशील कुमार दत्त यांच्या सन्मानार्थ.

दत्तांचं नाव टिकलं, अमिएंचं दहा वर्षांत गेलं. १८३८मध्ये योहान याकोब फॉन चुडी या अवघ्या वीस वर्षांच्या स्विस तरुणाने पॅरिसच्या संग्रहालयातल्या एका नमुन्यावरून स्क्लेरोफ्रिस कॅपेन्सिस असं नाव छापलं होतं. ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. २०१६मध्ये आनमारी ओलर आणि अलँ द्यूब्वा यांनी तो नमुना पुन्हा बारकाईने तपासला, तर तो याच आफ्रिकी गटातला निघाला. ज्याला १९३५पासून बूफो रँजेरी म्हणत, तोच हा. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत जुनं नाव सहसा जिंकतं. त्यामुळे पॅरिसच्या कपाटातल्या एका मेलेल्या भेकासाठी सगळ्या गटाचं आडनाव बदललं. नियम म्हणून हे योग्यच, नाहीतर नावांचा नुसता बाजार मांडला जाईल. पण अमिएंसाठी वाईट वाटतं.

आता आढळाची ओळ. १९२२मध्ये मॉरिशसच्या बंदरातल्या गोदीचे व्यवस्थापक गॅब्रिएल रेन्यार यांनी गटुरॅलिस भेक बेटावर आणून सोडले. उसाला भुंगेऱ्यांनी पोखरलं होतं, आणि भेक किडे खातो हे सर्वांना ठाऊक होतं. कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला यातली गोम चटकन दिसेल. भुंगेऱ्याची अळी, आपल्याकडे जिला हुमणी म्हणतात, मातीखाली मुळं कुरतडते आणि भेक मातीवर बसतो. भुंगेरे हटले नाहीत. भेक मात्र बेटभर झाला. १९२७मध्ये तिथून शेजारच्या रियुनियनवर नेला, तो डास खाईल आणि हिवताप आटोक्यात येईल म्हणून. मॉरिशसवर मुळात एकही उभयचर नव्हता. तिथल्या गोगलगायी आणि जमिनीवरचे भुंगे अशा भक्षकाशिवाय घडले होते, आणि त्यातल्या काहींच्या ऱ्हासाचा ठपका याच भेकावर आहे.

त्याच उसासाठी मुंबई बंदरातून कोकणची माणसंही मॉरिशसला गेली होती, गिरमिटावर. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवून घेतात. इथे तुलनेचा मोह होतो आणि तो टाळलेला बरा. ‘परकी जाती’ ही भाषा माणसांवर वापरणारे लोक जगात कमी नाहीत, आणि प्राण्यांच्या बाबतीत ती वापरायचीच नाही असं म्हणणारेही आहेत. मला दोघंही एकच घोळ घालताना दिसतात. माणसाचा भूमीवरचा हक्क त्याच्या श्रमांतून, नात्यांतून, कायद्यातून येतो. भेकाबद्दल विचारायचा प्रश्न एवढाच, की त्याच्या येण्याने तिथल्या इतर जिवांचं काय झालं.

बेटांवरच्या भेकांचंही काही झालं आहे. मॉरिशस, रियुनियन आणि केपटाउन या तिन्ही ठिकाणच्या भेकांचं मूळ जनुकीय तपासणीत डर्बनच्या परिसरात निघालं. मग डर्बनच्या भेकांशी बेटांवरचे ताडून पाहिले, तर मॉरिशसमधल्या माद्या जवळजवळ एक तृतीयांशाने लहान निघाल्या, रियुनियनमधल्या सुमारे पावपटीने. हे सारं शंभर वर्षांच्या आत. मग किती खुजा झाल्यावर त्याला वेगळं म्हणायचं? याचं उत्तर सेंटिमीटरमध्ये मिळणार नाही. ते पुन्हा तळ्याकाठच्या मादीलाच विचारावं लागेल.

केपटाउनला हा भेक कुणी मुद्दाम आणला नाही. पाणवनस्पतींबरोबर अंडी किंवा भेकशिशू आले असावेत असा अंदाज आहे. २०००मध्ये कॉन्स्टँशियात त्याची हाक पहिल्यांदा ध्यानात आली. गाव त्याच्या सोयीचं नव्हतं, कारण तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि गटुरॅलिसची वीण उन्हाळ्यातली. पण श्रीमंत बंगल्यांच्या बागांत शोभेची तळी बारमाही भरलेली. तेवढं पुरलं. काही वर्षांतच तिथल्या भेकांमध्ये कोरड्या हवेला तोंड देण्याची क्षमता वाढल्याचं अभ्यासकांना दिसलं.

त्याच परिसरात राहतो पश्चिमेकडचा बिबट्या भेक, स्क्लेरोफ्रिस पँथेरिना. पिवळट अंगावर मोठे तांबूस डाग, पाठीवर फिकट रेघ. त्याची गोष्ट वर्गीकरणाची ताकद दाखवते. १८२८मध्ये अँड्र्यू स्मिथ यांनी त्याला नाव दिलं, पण पुढे पूर्वेकडच्या पार्डालिसशी त्याची सरमिसळ झाली आणि दोघांचा मिळून आढळ ऐसपैस दिसू लागला. १९९८मध्ये पॉइंटन आणि लँब्रिस यांनी पश्चिमेकडचा भेक वेगळा असल्याचं पक्कं केलं. त्याच्या वाट्याला आली केपच्या किनाऱ्याची अरुंद पट्टी, तीही घरं आणि रस्त्यांनी व्यापलेली. आज तो संकटग्रस्त गणला जातो. तो संकटात आधीपासूनच होता. एका सामाईक नावाखाली ते दिसत नव्हतं.

म्हणून केपटाउनच्या मोहिमेला माझा विरोध नाही. मारण्याचं कारण मात्र ‘परका’ हा शिक्का नसावं. शेजाऱ्यांना होणारा धोका असावं, आणि तो पुन्हा पुन्हा तपासला जावा. मोहिमेची खरी अडचण तर फाटकावर आहे. तळी खासगी, कुंपणं उंच, आणि प्रत्येक मालक दार उघडतोच असं नाही. थोडी तळी जरी तपासायची राहिली, तरी तिथून भेक पुन्हा पसरतात.

उलट्या दिशेचाही एक प्रवास आहे. २०१४च्या सुमारास मादागास्करच्या तोआमासिना बंदराजवळ एक परका भेक सापडला, आणि तो होता डट्टाफ्रिनस मेलॅनोस्टिक्टस. मादागास्करमध्ये भेकांच्या कुलातला एकही मूळ रहिवासी नाही, त्यामुळे भेकाचं विष पचवण्याची गरज तिथल्या प्राण्यांना कधी पडलीच नव्हती. तपासलेल्या ७७ जातींपैकी जवळपास सगळ्यांच्या जनुकांत या विषाविरुद्धचा बचाव आढळला नाही. अपवाद एका कुरतडणाऱ्या प्राण्याचा. हा भेक आपल्याकडून गेला असेल का? त्याचे जनुकीय धागे कंबोडिया-व्हिएतनामकडच्या भेकांशी जुळतात. शिवाय भारतापासून इंडोनेशियापर्यंत ज्याला आपण एकच मेलॅनोस्टिक्टस म्हणतो, त्यात अनेक वेगळे वंश दडल्याचं दिसू लागलं आहे. ती विभागणी पक्की झाली, तर आपल्या पडवीतल्या आणि मादागास्करमधल्या भेकाचं नावही एक राहणार नाही.