पोहोचवावं आणि पचून जावं

स्वस्थ बसा. पाठ ताठ असली तर उत्तम, टेकलेली असली तरी चालेल. श्वास चालू आहे तसा चालू द्या.

मनानं लोणारला या. उल्का आदळून काळ्या बेसॉल्टात झालेलं हे विवर या काठापासून त्या काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर आहे. झाडीतून सावकाश खाली उतरा. धारेचं गोडं पाणी आत येतं, पण सरोवरातून वाहून जायला वाट नाही. ऊन पाणी उचलून नेतं, क्षार मागं राहतात. म्हणून हे पाणी खारट आणि अल्कधर्मी. सामू 10 च्या आसपास. थोडा वेळ काठावरच थांबा.

आता नजर बारीक करा. याच सरोवरात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांना एक जिवाणू सापडला : हॅलोमोनास कॅम्पिसॅलिस. त्याच्यापासून मिळणाऱ्या, निसर्गात कुजून जाणाऱ्या पॉलिमरचा त्यांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. कार्बन मुबलक आणि नायट्रोजनसारखं काही अपुरं, अशी वेळ आली की असे जिवाणू उरलेला कार्बन पेशीतच साठवतात, सुगीनंतर पेवात ज्वारी भरावी तसा. त्या साठ्याच्या कणांत हायड्रॉक्सिब्युटिरेटच्या लांब साखळ्या असतात.

एक श्वास घ्या. ही शिदोरी जिवाणूनं स्वतःसाठी बांधली आहे, एवढं ध्यानात ठेवा.

माणसाला तिच्यात वाहक दिसला. असं पॉलिमर द्रावकात विरघळवतात, त्यात औषध मिसळतात आणि ते मिश्रण पाण्यात जोरानं घुसळतात. द्रावक उडून गेला की औषध पोटात घेतलेले कण उरतात. 200 नॅनोमीटरचा एक कण डोळ्यांसमोर आणा. केसाच्या जाडीत असे सुमारे 400 कण शेजारी शेजारी बसतील.

पण हा कण रक्तात सोडण्याआधी पॉलिमर कसून शुद्ध करावं लागतं. जिवाणूच्या आवरणाचा किंचित अंश राहिला तरी ताप भरू शकतो. घाई करू नका. इथं संयम हाही औषधाचाच भाग आहे.

औषधाऐवजी जनुक न्यायचं असेल तर काम आणखी नाजूक. डीएनएवर ऋण भार असतो. त्याला धरून ठेवायला धन भाराचं पॉलिमर लागतं. कोळंबीच्या कवचापासून मिळणारं कायटोसन हे त्यातलंच. पेशी कण गिळते आणि एका आम्ल पिशवीत कोंडते. वाहक आधीच सुटला तर जनुक उघडं पडून नष्ट होतं. सुटलाच नाही तर निरोप वाचलाच जात नाही. धरणं आणि सोडणं, दोन्हींची वेळ साधावी लागते. या दोन वेळांमधल्या अंतरावर मन राहू द्या.

निरोप पोहोचला. आता वाहकाचं काय?

लोणारच्या पॉलिमरसारखी साखळी असेल तर पाणी आणि विकरं तिचे दुवे हळूहळू तोडतात. त्याला महिनेही लागतात. शेवटी मुख्यतः सुटतं ते 3-हायड्रॉक्सिब्युटिरेट. हा रेणू शरीराला नवा नाही. पोटात अन्न नसतं तेव्हा आपलं यकृत चरबीपासून हाच रेणू बनवतं आणि त्यावर मेंदूसुद्धा चालतो. जिवाणूनं भरल्या दिवसांत साठवलेलं आणि आपण रित्या पोटी घडवलेलं, एकच. म्हणून या वाहकाला शरीराबाहेर हाकलावं लागत नाही. तो इंधन होऊन खर्ची पडतो.

पुढच्या एकादशीला निरंकार उपास असेल (साबुदाण्याच्या खिचडीवर यकृताला ही तसदी पडत नाही) तर भुकेच्या एखाद्या क्षणी हा रेणू आठवा. मग स्वतःला विचारा : मी कुणाच्या मदतीला जातो, तेव्हा काम झाल्यावर माझं जे त्याच्यापाशी उरतं, ते त्याला पचतं का?